ऑइलची लाईट परत परत लागते? आधी ती कधी लागते ते सांगा

ऑइल बदललं, फिल्टर बदलला, सेन्सर नवा टाकला. आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालली आणि तेलकुपीचं ते लाल चित्र परत डॅशबोर्डवर आलं. तालुक्याच्या गॅरेजात उन्हाळ्यात ही तक्रार हमखास येते. गाडी येते तेव्हा तीन वस्तू बदलून झालेल्या असतात, पण ऑइलचा दाब कोणी एकदाही मोजलेला नसतो.

गाडीवाल्याचं वाक्य ठरलेलं: “लाईट तं लागून रायली भाऊ, पण गाडी मस्त चालून रायली. आवाज नाई, धूर नाई.” तो खोटं बोलत नाही. ही लाईट ज्या स्विचवर चालते, ज्याला सगळे सेन्सरच म्हणतात, तो बहुतेक गाड्यांत दाब ०.२ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावर लाईट लावतो. आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांवर इंजिनाला लागतो साधारण तीन बार दाब. भरधाव जाताना तो तीनवरून एकावर आला तरी डॅशबोर्ड गप्प बसतो आणि आत बेअरिंग, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) ज्यात फिरतो तो धातूचा आधार, खाल्लं जातं. म्हणजे लाईट लागली तेव्हा उशीर झालेला आहे. आणि ती विझली म्हणून दाब ठीक झाला, असंही समजू नका.

म्हणून चालत्या गाडीत लाईट लागून राहिली तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. गाव चार किलोमीटरवर दिसत असलं तरी तिथपर्यंत नेऊ नका, तेवढ्यात क्रँक जाऊ शकते. पाच-दहा मिनिटं थांबून सपाट जागी ऑइल मोजायची पट्टी पाहा. ऑइल कमी असेल तर योग्य ते टाका, चालू करा, लाईट दोन-तीन सेकंदांत विझली तर सावकाश गॅरेजपर्यंत न्या आणि आधीचं ऑइल गेलं कुठे ते शोधा. पट्टीवर ऑइल बरोबर असूनही लाईट लागत असेल तर परत चावी फिरवायची नाही. टोचन करून आणा. त्याला लागणारे पैसे क्रँकच्या कामापुढे किरकोळ आहेत.

दाब जातो कुठे

पंप ऑइल ढकलतो, दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. ठिबकची नळी दोन-चार ठिकाणी फाटली की मोटर कितीही चांगली असो, शेवटच्या झाडाला थेंब पोचत नाही. इंजिनात ऑइल चेंबरमधून, म्हणजे तळाच्या टाकीतून, जाळीतून वर ओढलं जातं, पंपातून फिल्टरमध्ये, तिथून मुख्य गॅलरीत, मेन बेअरिंगला, क्रँकमधल्या भोकांतून बिगेंडला (पिस्टनच्या रॉडचं क्रँककडचं टोक) आणि वर हेडमध्ये कॅमशाफ्टपर्यंत जातं. टर्बो असेल तर त्यालाही. त्यामुळे तपासाच्या दिशा दोनच: पंपाला ओढायला ऑइल कमी पडतंय, किंवा पुढे ते नको तितकं निसटतंय. तिसरी शक्यता म्हणजे दाब ठीक आहे आणि लाईटच खोटं बोलते आहे.

निसटण्याचा हिशेब मोठा विचित्र आहे. नव्या इंजिनात बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट मिलीमीटरच्या दोन ते पाच शतांश भागांएवढी असते. ती झिजून दुप्पट झाली की त्याच दाबाला निसटणारं ऑइल दुप्पट होत नाही, आठपट होतं. झीज वर्षानुवर्षं हळूहळू होते आणि दाब मात्र एका उन्हाळ्यात बसतो, तो यामुळे. त्यात ऑइल गरम झालं की पातळ होतं: १५डब्ल्यू-४० दर्जाचं ऑइल ४० अंशांवर जेवढं घट्ट असतं त्याच्या सातव्या हिश्श्याएवढंच १०० अंशांवर उरतं. अकोल्यात पारा ४५ च्या पुढे, एसी चालू, बाजारात गाडी रांगेत उभी. अशा वेळी झिजलेलं इंजिन आपलं खरं रूप दाखवतं. त्याच गाडीला जानेवारीत सकाळी काहीच झालेलं नसतं.

लाईट नेमकी कधी लागते

गाडी आली की मी बॉनेट उघडण्याआधी हे विचारतो. उत्तर नीट मिळालं तर अर्धा तपास तिथेच होतो.

इंजिन गरम झाल्यावर, गाडी स्लोवर (रेस न देता) असताना लाईट मिणमिणते आणि जरा रेस दिली की विझते, हे सगळ्यांत जास्त दिसतं. ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगमधली फट वाढली आहे. पंपाची झीजही असू शकते.

याच्या अगदी उलट तऱ्हा म्हणजे स्लोवर सगळं ठीक, पण जोरात गाडी हाणली की वीस-पंचवीस मिनिटांनी लाईट लागते. थांबून चहा घेतला, परत चालू केली, तर लाईट गायब! इथे बेअरिंगवर संशय घेऊ नका, जाळी पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि हा प्रकार जास्त कळायला लागला. जी गाडी जन्मभर शेत, तालुका, लग्नकार्य एवढंच फिरली, ती अचानक सलग शंभरच्या वर धावते. पंप जोरात ओढतो, चेंबरमधला गाळ जाळीवर येऊन चिकटतो. इंजिन बंद केलं की ओढ संपते, गाळ खाली पडतो आणि दाब परत येतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजात स्लोवर दाब पाहिला तर सगळं उत्तम. म्हणून अशी गाडी उभ्या उभ्या तपासून “काही नाही” म्हणून परत पाठवू नये.

चिखलदऱ्याच्या घाटात वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर क्षणभर लाईट येते आणि जाते, तर बहुतेक वेळा ऑइलच कमी असतं. गाडी कलली की ऑइल एका बाजूला जातं आणि जाळी उघडी पडते.

सकाळच्या पहिल्या चालूला चार-पाच सेकंद लाईट राहते, खडखड आवाज येतो आणि मग सगळं शांत होतं, तर फिल्टर पाहा. फिल्टरमध्ये रबरी झडप असते, ती इंजिन बंद असताना ऑइल मागे वाहू देत नाही. स्वस्तातल्या नकली फिल्टरमध्ये ती कडक असते किंवा नसतेच. रात्रभरात फिल्टर रिकामा होतो.

पट्टी, नाक आणि दोन बोटं

पट्टीवरची पातळी सगळे पाहतात, पट्टीवर काय आहे ते फारसं कोणी पाहत नाही. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल आणि तुम्ही टाकलेलं नसेल तर आत दुसरं काहीतरी येतंय. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी. डिझेलचा वास आला, बोटांत घासल्यावर चिकटपणाच लागला नाही, तर डिझेल.

डिझेल आत येण्याची जुन्या गाड्यांतली कारणं म्हणजे ठिबकणारा इंजेक्टर किंवा डिझेल पंपाचं गेलेलं सील. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक कारण आलं. त्यांच्या सायलेन्सरकडच्या गाळणीत काजळी साठते आणि ती जाळायला बऱ्याच इंजिनांत थोडं डिझेल उशिरा सोडलं जातं. ही जाळणी पूर्ण व्हायला गाडी काही वेळ सलग चालावी लागते. घरून शेतात, शेतातून घरी अशा पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती अर्ध्यावर तुटते, पुन्हा सुरू होते, आणि न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. अशा गाडीत नुसतं ऑइल बदलून भागत नाही. स्कॅनर लावून जाळणी पूर्ण करून घ्या, मग ऑइल बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास न्या.

पट्टीवर फेस किंवा बुडबुडे दिसले तर जाळीकडून पंपाकडे जाणाऱ्या पिकअप पाइपाचा ओ-रिंग (रबरी कडं) कडक होऊन पंप हवा ओढतोय का, हा प्रश्न मनात ठेवा. मुळात ऑइल खुणेच्या फार वर भरलं असेल तरीही क्रँक ते घुसळून फेस करते.

लाईट खोटी आहे का

चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, तेव्हा लाईट लागलीच पाहिजे. लागत नसेल तर तो आनंदाचा विषय नाही. बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा कोणीतरी कटकट नको म्हणून काढून ठेवलीय. जुनी गाडी विकत घेताना हे नक्की पाहा.

एक वायरचा साधा स्विच असेल तर चावी चालू ठेवून त्याची वायर काढा. लाईट विझली तर वायरिंग ठीक. तरीही लाईट लागूनच राहिली तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. गावाकडे याचं पहिलं कारण उंदीर. घरात कापूस भरलेला, शेजारी गाडी उभी, रात्री उबदार इंजिनावर उंदराचा मुक्काम. स्विचच्या तोंडाशी ऑइल पाझरत असेल तर स्विच बदलून टाका, वाद नको. नव्या गाड्यांत हे काम संगणकाकडून होतं, कधी दाब मोजणारा खरोखरचा सेन्सर असतो. तिथे वायर काढण्याचा खेळ न करता स्कॅनर लावा.

घड्याळ लावा

इथे येऊन आपली गावाकडची पद्धत चुकते. सेन्सर बदलणं सोपं, म्हणून तो बदलला जातो; आणि सेन्सर काढलाच आहे तर त्याच भोकात दाबाचं घड्याळ लावता येतं, हे सुचत नाही. घड्याळ, नळी आणि दोन-तीन जोडण्या एवढंच लागतं. जपानी घडणीच्या बऱ्याच इंजिनांत त्या भोकाचा आटा १/८ इंच बीएसपीटी (निमुळता पाइपाचा आटा) असतो, युरोपीय घडणीच्या अनेक इंजिनांत एम १० बाय १. आटा जुळत नसेल तर जोर लावू नका, ब्लॉक ॲल्युमिनियमचा असू शकतो. नळी पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा, गरम ऑइलचा फवारा उडाला तर चेहरा जातो.

थंड इंजिनाचा आकडा लिहा. मग रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गरम करा आणि स्लोवर, २००० वर, ३००० वर असे आकडे लिहा. प्रत्येक इंजिनाचं पुस्तक वेगळं, पण ते हाताशी नसेल तर दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा जुना ठोकताळा कामाला येतो. घड्याळावर किलो लिहिलेलं असेल तर एक किलो म्हणजे जवळपास एक बारच धरा.

थंड इंजिनावर चार बार, गरम स्लोवर ०.४, गरम ३००० वर दीड: पुढे कुठेतरी निसटतंय किंवा ऑइल पातळ आहे. नवं, बरोबर दर्जाचं ऑइल आणि फिल्टर टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर ऑइल दोषी होतं. जागचा हलला नाही तर झीज. थंड इंजिनावरसुद्धा दाब कमीच असेल तर पंप, जाळी किंवा अडकून उघडा राहिलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप). स्लोवर बरा, पण ३००० वर काटा थरथरतो आणि चढायच्या ऐवजी उतरतो, तर जाळी तुंबली आहे किंवा पंप हवा ओढतोय. आणि गरम स्लोवर एक बारच्या वर असूनही लाईट लागत असेल तर स्विच बदला आणि घरी जा.

तुंबलेल्या फिल्टरवर फार लोकांचा भरवसा दिसतो. फिल्टरमध्ये किंवा त्याच्या बसण्याच्या जागेत पळवाट असते. तो तुंबला की साधारण एक बारच्या फरकाला ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिनाचं नुकसान होतं, पण दाब शून्यावर येत नाही. फिल्टरचा खरा उपयोग तपासाला आहे. जुना फिल्टर कापून कागदाची घडी उन्हात पसरा. करवतीने कापला तर करवतीचाच भुसा आत दिसेल, म्हणून पत्र्याच्या कात्रीने किंवा कटरने कापा. चुंबकाला चिकटणारी कीस लोखंडाची, तांबूस चमक बेअरिंगच्या आतल्या थराची.

चेंबर खाली उतरवताना

विदर्भातल्या गाड्यांसाठी हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, कारण आपले पांदण रस्ते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकोऱ्या पडतात, उन्हाळ्यात त्या वाळून कडक होतात आणि मधला उंचवटा किंवा त्यातला दगड चेंबरला लागतो. ऑइल गळलं नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यात अंतर असतं थोड्याच मिलीमीटरचं. तळ आत चेपला की जाळीचं तोंड अर्धं बंद. खाली वाकून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, आणि कळलं तरी बाहेरून ओढून चेंबर सरळ करू नका. तो उतरवा. पिकअप पाइप वाकलाय का, त्याला तडा गेलाय का, हे आतूनच दिसतं. गाडी जॅकवर उचलून खाली जाणार असाल तर पक्के स्टँड लावा, विटा आणि गोटे नकोत.

चेंबर उघडल्यावर जाळीवर काय मिळतं? काळा, घट्ट डिंकासारखा गाळ, वेळेवर ऑइल न बदलल्याचा. आणि दुसरी गोष्ट, जी मला दरवेळी चिडवते: सिलिकॉन पेस्टचे तुकडे. चेंबर गळू नये म्हणून आधीच्या माणसाने अर्धी ट्यूब पिळलेली असते. बोल्ट आवळल्यावर बाहेर जेवढी पेस्ट येते तेवढीच आतही येते, तिचे दोरे तुटतात आणि थेट जाळीवर जातात. दोन-तीन मिलीमीटरची एक सलग रेघ पुरते, पण दोन्ही बाजू पेट्रोलने पुसून कोरड्या केलेल्या हव्यात आणि ऑइल भरण्याआधी ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबायला हवं. ओ-रिंग काढलाच आहे तर नवा टाका.

गाळ भरपूर असेल तर फ्लशची बाटली ओतून इंजिन चालवू नका. सुटलेला गाळ जाळीवरच येणार. चेंबर आणि टॅपेट कव्हर उघडून हाताने साफ करा, मग चांगलं ऑइल टाकून दोन-तीन हजार किलोमीटरलाच बदला.

चेंबर खाली आहे तोवर एका-दोन बिगेंडच्या टोप्या उघडून बेअरिंग पाहून घ्या. टोपी त्याच रॉडला, त्याच दिशेने परत बसली पाहिजे, खूण करून ठेवा. वरचा राखाडी थर शाबूत असेल तर ठीक. तांब्याचा रंग उघडा पडला असेल तर बेअरिंग संपलं. क्रँकवर नख अडकेल अशी रेघ असेल तर नुसती नवी बेअरिंग घालून उपयोग नाही. लेथवर मायक्रोमीटरने मोजून ०.२५ किंवा ०.५० मिलीमीटर घासावी लागेल आणि त्याच मापाची बेअरिंग लागतील. घासून आलेल्या क्रँकची ऑइलची भोकं तार आणि हवेने साफ केल्याशिवाय ती बसवू देऊ नका. लेथचा भुसा नव्या बेअरिंगला एका दिवसात खातो.

झीज इतकी लवकर का झाली, हाही प्रश्न आहे. सोयाबीनची मळणी, जिनिंगचा परिसर, कच्चे रस्ते, आणि क्लिप तुटलेली एअर फिल्टरची पेटी. बारीक धूळ सिलेंडरमधून ऑइलमध्ये येते आणि पॉलिश कागदाचं काम करते. पुस्तकात १०,००० किलोमीटरला ऑइल बदला असं लिहिलं असलं तरी त्याच पुस्तकात धुळीच्या भागासाठी वेगळा, कमी आकडा असतो. आपल्याकडे तोच पाळायचा. आणि सुटं ऑइल नको, सीलबंद डबाच घ्या.

जाड ऑइलचा उपाय

“२०डब्ल्यू-५० टाक, लाईट बंद होते.” होते, खरंच होते. जुन्या, साध्या बनावटीच्या, भरपूर चाललेल्या इंजिनाला, ज्याच्या पुस्तकातच उष्ण हवामानासाठी हा दर्जा चालतो, त्याला उन्हाळा काढायला मी स्वतः हे टाकतो, गाडीवाल्याला स्पष्ट सांगून. पण ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात हे करू नका. त्यातले हायड्रॉलिक टॅपेट, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, टर्बो, सगळे पातळ ऑइलवर चालतात. आणि जाळी तुंबलेली असेल तर जाड ऑइलने ओढ आणखी कमी होते, म्हणजे आजार उलटा वाढतो. दाब न मोजता जाड ऑइल टाकणं म्हणून मला पटत नाही.

बेअरिंगचं काम किती खर्चाचं, यावर गाडीवाला आणि मेकॅनिक यांनी आधीच बोलून घ्यावं. पंधरा-अठरा वर्षांच्या काळी-पिवळी जीपला पूर्ण इंजिनकाम परवडेलच असं नाही. पण आवाज सुरू व्हायच्या आधी पकडलं तर नुसती बेअरिंग, ओ-रिंग आणि लागला तर पंप एवढ्यात भागतं. खालून जड टकटक सुरू झाली, आणि एका सिलेंडरचा प्लग किंवा इंजेक्टर बंद केल्यावर ती कमी झाली, तर त्याच सिलेंडरचं बिगेंड गेलं आहे. मग स्वस्तात सुटका नाही.

काम झाल्यावर पहिल्या चालूची घाई करू नका. पंप बसवताना त्यात ऑइल भरून घ्या. पेट्रोल गाडी असेल तर इंधन आणि स्पार्क बंद ठेवून, डिझेल असेल तर इंजेक्शन बंद ठेवून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये बॅटरीला विसावा. घड्याळाचा काटा वर आल्यावरच चालू करा. गरम झाल्यावर पुन्हा तेच तीन आकडे घ्या आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटरसकट लिहून ठेवा. पाचशे किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदलताना परत मोजा. स्लोवरचा आकडा उतरलेला दिसला तर चेंबर पुन्हा खाली घ्या, लाईट लागायची वाट पाहू नका.